यादीतील शेवटची ओळ : वनस्पती ऊतिसंवर्धनातील साखरेचा इतिहास

१/२४
केळीचे रोप आज शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचते, त्याआधी ते बहुधा काही महिने काचेच्या बाटलीत वाढलेले असते. बाटलीच्या तळाशी पारदर्शक जेली असते आणि त्या जेलीची ठरलेली पाककृती असते : नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जीवनसत्त्वे, संजीवके. यादीच्या अखेरीस एक साधी ओळ येते : साखर, लिटरला ३० ग्रॅम. हा थ्रेड त्या एका ओळीच्या इतिहासाविषयी आहे.

२/२४
हिरवे रोप सूर्यप्रकाशात आपली साखर आपणच तयार करते, हे आपण शाळेत शिकलो. मग बाटलीतल्या रोपाला ती वरून का द्यावी लागते? ‘अन्न म्हणून’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. साखर तिथे आणखी दोन कामे करते. ही तीन कामे एकमेकांपासून वेगळी ओळखायला विज्ञानाला जवळपास एक शतक लागले. एवढा वेळ का लागला, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

३/२४
प्रथम स्वयंपाकघरात जाऊ. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले, की तिला पाणी सुटते. मनुके पाण्यात टाकले, की फुगतात. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. मुरांबा टिकतो तोही याच कारणाने : दाट पाक जंतूंचे पाणी ओढून घेतो. म्हणजे जी साखर थोडी असता अन्न ठरते, तीच दाट झाली की पाणी हिरावून घेते. आजची सारी कथा या विरोधात सामावलेली आहे.

४/२४
हे ओढणे प्रथम नीट मोजले ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी. सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत त्यांनी एक कृत्रिम पडदा बसवला, आत उसाच्या साखरेचे द्रावण भरले आणि भांडे पाण्यात ठेवले. १८७७ साली त्यांनी आपली मोजमापे प्रसिद्ध केली. १ टक्का साखरेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५३ सेंटिमीटर उंचीइतका भरला आणि ६ टक्क्यांचा सुमारे ३०७ सेंटिमीटर. साखर जवळजवळ सहापट झाली, तसा दाबही जवळजवळ सहापट झाला.

५/२४
त्याच वर्षी हॉलंडच्या ह्यूगो द फ्रीस यांनी जिवंत पेशीवर दाट द्रावणाचा परिणाम तपासला. पेशीतला जिवंत गोळा आक्रसून भिंतीपासून सुटा होतो, या घटनेला त्यांनी ‘प्लाझ्मोलिसिस’ हे नाव दिले. फेफर यांच्या आकड्यांकडे आपले सहकारी व्हांट हॉफ यांचे लक्ष वेधणारेही तेच. त्या आकड्यांवरून व्हांट हॉफ यांनी परासरणी दाबाचा नियम मांडला. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या नियमाचा मोठा वाटा होता.

६/२४
हा कालक्रम लक्षात ठेवा. वनस्पतीच्या पेशी बाटलीत वाढवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९०२ सालचा आहे. साखर पाणी कसे ओढते याचे गणित त्याआधीच तयार होते, तेही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हातून. ज्ञान उपलब्ध होते, तरी ते शेजारच्या खोलीत पोहोचायला दशके लागली. असे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडते.

७/२४
१९०२. ऑस्ट्रियातील ग्राट्झचे प्राध्यापक गॉटलीब हाबरलांट यांनी पानांमधील सुट्या पेशी क्षारांच्या द्रावणात ठेवल्या. काही द्रावणांत साखरही घातली. त्यांनी मुद्दाम हिरव्या पेशी निवडल्या होत्या, कारण त्या आपले अन्न आपण तयार करतील अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या प्रयोगवनस्पतींत एक आपल्या ओळखीची आहे : आपल्या नद्या व्यापून टाकणारी जलपर्णी. तिच्या देठातील पेशीही त्यांनी वापरल्या होत्या.

८/२४
काही पेशी आठवडेच्या आठवडे जगल्या. त्या आकाराने वाढल्या, त्यांत स्टार्च साठला. पण एकाही पेशीचे विभाजन झाले नाही. पूर्ण वाढलेल्या पेशी निवडणे आणि विभाजनाला चालना देणारी संजीवके तोवर अज्ञात असणे, ही त्याची कारणे आज आपल्याला कळतात. प्रयोग फसला, तरी कधीतरी शरीरपेशींपासून कृत्रिम भ्रूण वाढवता येतील, हे भाकीत हाबरलांट यांनी लिहून ठेवले. ‘हिरवी पेशी स्वतः जगेल’ ही त्यांची अपेक्षाही लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

९/२४
१९०४ साली हानिग यांनी वेगळी वाट धरली. मुळ्याच्या कुळातील वनस्पतींचे अपरिपक्व भ्रूण बीजातून काढून त्यांनी ते क्षार आणि साखर यांच्या माध्यमावर वाढवले. भ्रूण वाढले, पण एक विचित्र गोष्ट घडली. गर्भावस्था पुरी न करताच काही भ्रूण अकाली अंकुरले आणि त्यांची रोपे दुबळी निघाली. बाहेर अन्न होते, मग चुकले काय? या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

१०/२४
दरम्यान ‘साखर म्हणजे अन्न’ ही समजूत पक्की होत गेली आणि तिला सबळ कारणेही होती. १९२२ साली अमेरिकेत रॉबिन्स आणि जर्मनीत हाबरलांट यांचे शिष्य कोटे यांनी स्वतंत्रपणे मुळांची टोके साखरयुक्त द्रावणात वाढवली. १९३४ साली फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या कापलेल्या मुळांची सतत चालणारी वाढ साध्य केली. त्यांच्या द्रावणात २ टक्के साखर होती. मुळे हिरवी नसतात. अंधारात वाढणाऱ्या त्या मुळांचे साखरेवाचून चालणेच शक्य नव्हते.

११/२४
१९३९ साली व्हाइट आणि फ्रान्सचे गोत्रे व नोबेकूर यांनी अमर्याद वाढणाऱ्या ऊतींची संवर्धने प्रसिद्ध केली. आता शास्त्रज्ञांचे लक्ष संजीवके आणि जीवनसत्त्वे यांकडे वळले. शोध तिथे लागत होते, कीर्तीही तिथेच होती. साखर मात्र पाककृतीत गृहीत धरलेला घटक होऊन बसली. एखादी गोष्ट सर्वत्र दिसू लागली, की तिच्याविषयी प्रश्न विचारणे थांबते. दप्तरे वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

१२/२४
प्रश्न पुन्हा उभा केला तो धोत्र्याने. अमेरिकेतील आल्बर्ट ब्लेक्सली यांनी धोत्र्याच्या आनुवंशिकीला आयुष्य वाहिले होते. त्यांच्या काही संकरांचे भ्रूण बीजातच मरत. ते बाहेर काढून वाचवणे आवश्यक होते. १९४१ साली फान ओव्हरबेक, कॉन्क्लिन आणि ब्लेक्सली यांनी माध्यमात नारळाचे पाणी घालून धोत्र्याचे अतिशय लहान भ्रूण वाढवून दाखवले. निसर्गात भ्रूणाला पोसणाऱ्या द्रवाची जागा दुसऱ्या एका बीजातील द्रवाने घेतली होती.

१३/२४
१९५३ साली रीट्सेमा, साटिना आणि ब्लेक्सली यांनी फक्त साखरेचे प्रमाण बदलून पाहिले. अगदी कोवळ्या भ्रूणाला सर्वाधिक मानवली ती ८ टक्क्यांच्या आसपासची दाट साखर. हृदयाकृती अवस्थेच्या अखेरीस ४ टक्के पुरली, पुढच्या अवस्थेत १ टक्का किंवा त्याहून कमी, आणि परिपक्व भ्रूणाला साखरेची गरज जवळजवळ उरली नाही. भ्रूण जितका लहान, तितकी साखर अधिक. इतक्या लहान जिवाची भूक एवढी मोठी कशी असेल?

१४/२४
ही केवळ भूक नव्हती. कोवळ्या बीजात भ्रूणाभोवतीचा रस दाट असतो आणि भ्रूण वाढतो तसा तो विरळ होत जातो. बाहेरच्या द्रवाची ओढ अधिक असली, की भ्रूणात पाणी बेताने शिरते. तो फुगून अंकुरत नाही, आपली घडण पुरी करतो. हानिग यांच्या भ्रूणांना अन्न मिळाले होते, पण गर्भाशयाचा दाट रस मिळाला नव्हता. साखरेचे दुसरे काम इथे दिसले : ती पाण्याची राखणदार आहे.

१५/२४
त्याच १९५३ साली अर्नेस्ट बॉल यांनी आणखी एक गाठ सोडवली. माध्यम निर्जंतुक करण्यासाठी ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात तापवतात. त्या उष्णतेत सुक्रोजचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. एका रेणूचे दोन झाले, की द्रावणाची ओढही वाढते. म्हणजे वहीत लिहिलेली साखर आणि बाटलीत पोहोचलेली साखर एकच नसते. लेखी नोंद आणि प्रत्यक्ष घटना यांतील हे अंतर आपल्याला चांगलेच परिचित आहे.

१६/२४
१९६२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील तोशिओ मुराशिगे आणि फोक स्कूग यांनी आपले माध्यम प्रसिद्ध केले. आज जगभर चालणारी पाककृती ती हीच आणि ३० ग्रॅमचा आकडाही तिच्यातलाच. पण ते माध्यम घडवले गेले होते तंबाखूच्या ऊतींसाठी. एका वनस्पतीच्या ऊतीसाठी ठरलेले प्रमाण पुढे ऑर्किडपासून केळीपर्यंत सर्वत्र गेले. बहुतेक ठिकाणी ते चालले, म्हणून कोणी फारसे विचारले नाही. जिथे चालले नाही, तिथे प्रश्न नव्याने विचारावा लागला.

१७/२४
दोन कामे वेगळी ओळखायची कशी? त्यासाठी पाणी ओढणारा, पण पेशीला सहसा न पचणारा पदार्थ हवा. तो होता मॅनिटॉल, १८०६ साली प्रूस्त यांनी ‘मॅना’ नावाच्या झाडाच्या गोड चिकापासून वेगळा केलेला. त्याचा रेणू लहान, म्हणून ३० ग्रॅम सुक्रोजइतकी ओढ सुमारे १६ ग्रॅम मॅनिटॉलमध्ये मिळते. १९७९ साली ब्राउन, ल्युंग आणि थॉर्प यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवले, की फुटवे येण्यासाठी लागणाऱ्या साखरेचा काही भाग काढून तेवढ्याच ओढीचे मॅनिटॉल घातले तरी चालते. तो भाग ऊती खात नव्हती. तिला केवळ त्याचा दाब हवा होता.

१८/२४
जिथे ओढीत चूक झाली तर क्षणात मृत्यू, अशी एक जागा होती. १९६० साली नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंग यांनी बुरशीपासून मिळवलेल्या विकरांनी टोमॅटोच्या मुळांतील पेशींच्या भिंती विरघळवल्या. भिंत नसलेली पेशी साध्या पाण्यात फुगून फुटते. तिला सावरून धरते ते दाट द्रावण. पुढे जपानच्या ताकेबे यांनी मॅनिटॉलच्या द्रावणात तंबाखूच्या पानांतील अशा उघड्या पेशी मोठ्या संख्येने मिळवल्या. १९७१ साली ताकेबे, लबीब आणि मेल्खर्स यांनी त्यांपासून पूर्ण रोपे वाढवली. हाबरलांट यांनी पानाच्या सुट्या पेशीकडून जे मागितले होते, ते अखेर मिळाले.

१९/२४
धोत्रा पुन्हा भेटतो, तो दिल्लीत. १९६४ साली दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांना धोत्र्याच्या परागकोशांतून थेट भ्रूण निघताना दिसले. परागापासून एकगुणित रोप मिळवण्याची वाट त्यामुळे खुली झाली. ती वाट इतर पिकांत नेताना साखर आडवी आली. मोहरीच्या कुळातील रेपसीडच्या सुट्या परागपेशींसाठी लिख्टर यांनी १९८२ साली तब्बल १३ टक्के सुक्रोज वापरले. सातूच्या परागकोशांना मात्र सुक्रोजपेक्षा माल्टोज अधिक मानवते, हे त्याच दशकाच्या अखेरीस दिसले. माल्टोज सावकाश फुटते, त्यामुळे द्रावणाची ओढ एकदम वाढत नाही.

२०/२४
पण ‘न पचणारा’ साक्षीदारही नेहमी विश्वासार्ह नसतो. सफरचंदाच्या कुळातील झाडे आपल्या अंगातील अन्न मुख्यत्वे सॉर्बिटॉलच्या रूपात वाहून नेतात. १९७२ साली चाँग आणि टेपर यांनी सफरचंदाची ऊती सॉर्बिटॉलवर वाढवून दाखवली. जो पदार्थ इतरत्र केवळ दाबासाठी घालतात, तो इथे पक्वान्न ठरतो. सेलेरीसारखी झाडे मॅनिटॉल स्वतःच तयार करतात आणि वापरतात. साक्षीदाराची साक्ष घेण्यापूर्वी त्याचे नातेगोते तपासावे लागते, ते असे.

२१/२४
आता तिसरे काम. १९६३ साली हार्वर्डचे वेटमोर आणि त्यांचे सहकारी रिअर यांनी लायलॅकच्या ऊतीला संजीवक आणि साखर देऊन पाहिले. साखर कमी असता जलवाहिन्या अधिक तयार झाल्या, जास्त असता रसवाहिन्या आणि मधल्या प्रमाणात दोन्ही. जणू साखर सूचना देत होती. ठोस पुरावा पुढे आला. २००३ साली बॉस्टनमधील जेन शीन यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसमधील एका विकराची रासायनिक क्रिया बंद पाडली, तरी त्याची साखर ओळखण्याची क्षमता टिकून राहिली. ग्लुकोज जाळण्याची क्रिया वेगळी आणि ग्लुकोजची वार्ता पोहोचवण्याची वेगळी.

२२/२४
हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते राहिले नाही. पेरूमधील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात हजारो वाणांची रोपे नळ्यांत जपली जातात. तिथे थंडावा आणि सॉर्बिटॉल यांनी वाढीला लगाम घातला जातो. रोप मरत नाही, पण सावकाश वाढते आणि वारंवार नव्या नळीत हलवावे लागत नाही. शेतातून नाहीसे होऊ शकणारे वाण त्या नळ्यांत तग धरून आहेत, त्यात पाण्याच्या या मोजून दिलेल्या टंचाईचा वाटा आहे.

२३/२४
आणि हाबरलांट यांची अपेक्षा? १९६७ साली जर्मनीत बेर्गमान यांनी तंबाखूच्या हिरव्या पेशी कार्बनसाठी केवळ कर्बवायूवर वाढवल्या. १९८०च्या दशकापासून जपानच्या चिबा विद्यापीठातील तोयोकी कोझाई यांनी दाखवले, की बाटलीत पुरेसा प्रकाश आणि कर्बवायू दिला, तर पाने असलेली रोपटी साखरेवाचून वाढतात. बंद बाटलीत कर्बवायू संपतो, म्हणून रोप उपाशी पडते, हे आधी फारसे कोणी मोजलेच नव्हते. साखर नसल्याने जंतूंचाही उपद्रव कमी होतो. हिरवी पेशी आपले पोट भरू शकते. हाबरलांट यांचा अंदाज चुकीचा नव्हता.

२४/२४
तरीही जगातील बहुतेक बाटल्यांत आजही ३० ग्रॅमची ती ओळ आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचीही रोपे ऊतिसंवर्धनाने तयार होतात. ज्या उसापासून साखर निघते, तो उसाचा कोंब बाटलीत साखरेवर वाढतो. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या दप्तरात किंवा नव्या शोधनिबंधात ‘नेहमीप्रमाणे’ असा शब्द आला, तर तिथे थांबा. हे प्रमाण कोणी, कशासाठी आणि कोणत्या झाडासाठी ठरवले, ते विचारा. बाटलीतल्या साखरेला हा प्रश्न नीट विचारायला साठ-सत्तर वर्षे गेली.